पुढची जागा

भरती चढू लागली तेव्हा सिंगापुरातल्या खातिब बोंग्सूच्या खाडीकाठी कयाकच्या सहलीला आलेले सगळे लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होते. स्वी हार पहिल्यांदाच एकटी आली होती. तिची धाकटी बहीण स्वी लियान मुलाकडे पर्थला कायमची राहायला गेली होती. म्हणूनच तिने नाव देताना सांगितलं होतं, "कुणाबरोबरही बसवा, पण बसवा."

दोघांच्या कयाकमध्ये मागे वल्हं आणि पुढच्या जागेवर टिश्यूचं पाकीट ठेवून ती टोपी आणायला गेली. लियान नेहमी उशिरा यायची. तिची जागा अशी धरून ठेवायची हाताला सवयच होती. आणि पाकीट ठेवलेल्या जागेवर सिंगापुरात कुणी बसत नाही, मग ते फूड कोर्टातलं टेबल असो की होडी.

ती परतली तोवर जोड्या लागल्या होत्या. गटातल्या उरलेल्या एका बाईला, पुए लानला, सहल नेणाऱ्या रोसलीने एकट्याची कयाक दिली होती.

"आँटी, तुमचं माणूस कुठाय?" रोसलीने विचारलं. "पाणी थांबत नाही, हां."

सगळे बघत होते. "नाही येणार," ती म्हणाली.

"एकट्या न्याल?"

"नेईन."

वजन सगळं मागे, त्यामुळे होडीचं नाक वर राहिलं आणि वारा ते सारखं फिरवत राहिला. ती मागे पडली. तिवरांच्या वळणापलीकडून हसण्याचे आवाज येत, ती वळेपर्यंत ते पुढच्या वळणाआड गेलेले असत.

विसाव्याला पुए लान जवळ आली. "एकटीनं बडबड कुणाशी करू? तुझ्यापुढे बसते." मग तिला पाकीट दिसलं. "कुणाची आहे का जागा?"

पाकीट उचललं की झालं असतं.

"बहिणीची," स्वी हार म्हणाली.

"अच्छा," म्हणून पुए लानने वल्हं मारलं.

परतीला वारा समोरून होता. काठाला लागली तेव्हा बाकीच्यांच्या होड्या धुऊनही झाल्या होत्या. पुढची जागा उडालेल्या पाण्याने ओली होती. पाकीट उचललं, तर खाली तेवढाच चौकोन कोरडा. त्यावर तिने तळवा ठेवला.

"नूडल्स खायला चाललोय," वरून पुए लान ओरडली. "मी पुढे होऊन टेबल धरते. किती जणींची जागा धरू?"

स्वी हारने पाकीट खिशात घातलं.

"एकीचीच. माझी," ती म्हणाली.