धक्क्याचं सुतक

मंत्री मोतुहीफो बेटावर येणार असल्याचं पत्र आठवडाभर आधी आलं, आणि ते आणणाऱ्या होडीवाल्याला छातीभर पाण्यातून चालत किनारा गाठावा लागला. बेटाचा धक्का चार वर्षांपूर्वीच्या वादळात खचला होता. त्यानंतर तिथं होडी लागत नव्हती, आणि राजधानीतून एकदा एक माणूस फीत घेऊन आला होता, तो मापं घेऊन, डुकराचं पिल्लू खाऊन परत गेला होता. आता पत्रात लिहिलं होतं की येत्या महिन्यापासून बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे आणि बेटावरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चटईमागे धक्का-कर भरावा लागेल. त्याचं महत्त्व समजावून द्यायला मंत्रिमहोदय जातीनं येणार होते.

बायका चटया विणायला जमायच्या त्या घरात फुसीनं हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. फुसीच्या जिभेला सगळं बेट वचकून असे.

"नसलेल्या धक्क्याचा कर!" ती म्हणाली. "आता माझ्या नवऱ्यावरही लावा म्हणावं. तोही कागदावर आहेच की. सहा वर्षं ऑकलंडला सफरचंदं तोडतोय मेला."

बायका खो खो हसल्या. लोसालिने हसली नाही. ती विणकरणींची म्होरकी, वय बासष्ट, आणि केवड्याच्या पानांची पट्टी तिच्या बोटांतून सुटलेली कुणी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती सुटली.

तो धक्का तिच्या बापानं बांधला होता. बापानं आणि त्याच्या अकरा सोबत्यांनी, पाच वर्षं, प्रवाळाचे दगड फोडून, ओहोटीच्या वेळा साधून. सरकारनं तेव्हाही काही दिलं नव्हतं. फक्त शेवटी एक साहेब रिबीन कापायला आला होता. पहिला दगड बसवला तेव्हा सहा वर्षांची लोसालिने बापासाठी शहाळं घेऊन उभी होती. गेल्या साली गावातल्या वीकाला बाळंतपणासाठी मोठ्या बेटावर न्यायचं होतं, तेव्हा तिला लाटांतून उचलून होडीत चढवावं लागलं. वीका वाचली, मूल वाचलं नाही. आणि आता त्याच जागेसाठी पैसे मागत होते. लोसालिनेच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी तिचा धाकटा भाऊ फेलेती आला आणि दाराबाहेरच थांबला. बहीण आत असताना भाऊ सहसा आत शिरत नसे. तो गावचा अधिकारी होता. सरकारी शिक्का त्याच्या खिशात असायचा.

"ताई आहेत का आत?" त्यानं दाराच्या खांबाला विचारलं. ती त्याला समोर दिसत होती.

"आहेत," लोसालिने म्हणाली. "खांबाशी काय बोलतोस? सांग."

"मंत्र्यांचं स्वागत नीट झालं पाहिजे, ताई. बसायला आईची बारीक विणीची चटई मिळाली तर..." त्याचा आवाज खाली गेला. "नाही मिळाली तरी चालेल. पण मिळाली तर."

तिथं बहिणीचा मान भावाहून मोठा असे. बहिणीनं भावाकडे मागावं आणि भावानं द्यावं, ही रीत. भावानं बहिणीकडे काही मागितलेलं त्या बेटावर कुणी ऐकलं नव्हतं. फेलेतीची मान वर होत नव्हती, यावरूनच त्याला किती जड गेलं असेल ते कळत होतं.

"त्या माणसासाठी?" फुसी फिसकारली. "त्यापेक्षा डुकरांखाली अंथर, निदान ती आपली तरी आहेत!"

"फुसी, तू जरा गप." लोसालिने उठून दाराशी आली. "फेलेती, अर्ज किती केलेस धक्क्यासाठी?"

"एक्केचाळीस."

"उत्तरं?"

"एक. पावती मिळाली म्हणून." तो क्षणभर हसला, मग पुन्हा गंभीर झाला. "ताई, स्वागतात खोट निघाली तर शिक्का जाईल माझा. पोरं शाळेत आहेत अजून. मला भांडण नको."

लोसालिनेला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"आईची चटई मी त्या दिवशी अंथरीन," ती म्हणाली. "मानाच्या माणसासाठी."

फेलेतीनं सुटकेचा श्वास टाकला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी तिनं खाटेखालची गुंडाळी बाहेर काढली. आईची चटई रेशमासारखी मऊ, दहा महिन्यांच्या मेहनतीची. तिच्याच खाली दुसरी एक होती: जाडीभरडी, काठ झिजलेली, जागोजागी फाटलेली. बाप गेला तेव्हा घरच्यांनी सुतकात हीच कमरेला बांधली होती. बेटावर रोजच्या मानाला नीटनेटकी चटई कमरेला बांधतात, ताओवाला म्हणतात तिला. पण आपल्याहून थोर माणूस गेला की जुनी, मोठी, फाटकी चटई गुंडाळायची, जितकी फाटकी तितका जाणाऱ्याचा मान मोठा. लोसालिने ती फाटकी चटई मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. धक्का जाऊन चार वर्षं झाली होती आणि कुणी त्याचं सुतक पाळलं नव्हतं. आलेल्या पाहुण्याला मोतुहीफोनं दारातून परत पाठवलं, असं कुणी म्हणता कामा नये. पण सुतकातल्या घरी पाहुणा आला तर घर सुतकातच भेटणार ना!

दुसऱ्या दिवशी तिनं बायकांना सांगितलं. मग ती लिसिआतेकडे गेली. ऐंशी वर्षांचा लिसिआते गावाच्या वतीनं बोलणारा मानकरी होता, आणि त्या बारा जणांतला एकटा उरलेला. तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. मग डोळे पुसून म्हणाला, "मी बोलेन."

फाटक्या चटयांतली सगळ्यात मोठी, खाटेखालची ती बापाच्या सुतकातली, लोसालिनेनं फुसीबरोबर फेलेतीच्या घरी पाठवली. निरोप काही दिला नाही. उत्तरही काही आलं नाही.

मंत्री आले त्या दिवशी समुद्र शांत होता, तरीही मोठी बोट बाहेरच थांबली आणि मंत्रिमहोदय लहान होडीतून निघाले. शेवटी खचलेल्या दगडांपाशी होडीही अडली. कमरेएवढ्या पाण्यातून ते चालत आले, मागे डोक्यावर बॅग धरलेला सचिव, आणि मंत्र्यांसोबत नेहमी असतो तो रेडिओवाला, यंत्र छातीशी धरून. मंत्री काही राक्षस नव्हते. राजधानीत बसून बसून त्यांना बेटं नकाशावरच्या ठिपक्यांएवढी वाटू लागली होती, इतकंच. अंगावर सणाचा पोशाख होता, कमरेला रंगीत काठाची नवी कोरी चटई, आता ठिबकणारी.

फेलेती त्यांना घ्यायला पाण्यात उतरला होता. त्याच्या कमरेलाही नवी चटई होती आणि काखेत एक बोचकं. लोसालिनेनं ते दुरून पाहिलं. सगळं गाव काळ्या कपड्यांत, गुडघ्यापासून छातीपर्यंत फाटक्या चटया गुंडाळून, मान खाली घालून वाळूवर बसलं होतं. एकटा तिचा भाऊ सणाला निघाल्यासारखा दिसत होता.

मंत्र्यांनी समोर पाहिलं आणि ते जागीच थबकले.

सुतकाच्या दारी रंगीत चटई नेसून, रिकाम्या हातानं आलेला माणूस! त्यांचा चेहरा पडला, आणि खरं सांगायचं तर त्यात काही सोंग नव्हतं. त्यांनाही आई होती आणि तिनं त्यांना रीत शिकवली होती. त्यांनी घाईघाईनं कमरेची चटई सोडून सचिवाच्या हातात कोंबली आणि ते वाळूवर खाली बसले, सगळ्यांच्या पायरीच्याही खाली. कोण गेलं ते विचारायच्या आधी सांत्वन करायचं असतं. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ओल्या डोळ्यांनी त्यांनी सुरुवात केली.

"गेलेल्यानं जन्मभर या बेटाचा भार वाहिला. कधी कुणाला नाही म्हटलं नाही. कितीकांना त्यांच्या घरी सुखरूप पोचवलं. ते आजारी होते तेव्हा आम्ही राजधानीतली माणसं फिरकलोसुद्धा नाही, हा आमचा दोष. त्यांच्या दुखण्याकडे आम्ही डोळेझाक केली. गावानं आम्हाला क्षमा करावी."

अशा वेळी बोलायचे ते हेच शब्द, प्रत्येक मयताला हेच. पण त्या दिवशी एकेक शब्द असा नेमका जाऊन बसत होता की मागे बसलेल्या फुसीला तोंडात चटईचा काठ कोंबावा लागला. रेडिओवाल्याच्या यंत्रावरचा लाल दिवा पेटलेला होता.

"गेलेल्यांचं नाव..." मंत्र्यांनी हळूच विचारलं.

लिसिआते काठी टेकत उभा राहिला.

"महाराज, तुमचे शब्द आमच्या काळजाला भिडले. चार वर्षं आम्ही हेच ऐकायला कान लावून होतो. गेलेले तुमच्या पाठीमागेच आहेत. आत्ता त्यांच्याच अंगावरून तुम्ही कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलात. मोतुहीफोचा धक्का, महाराज. मी आणि अकरा जणांनी बांधला. दुखण्यात औषध मिळालं नाही, आणि मेल्यावर त्याच्या नावानं कर मागायला तुम्ही आलात."

कुणी हसलं नाही. हेच सगळ्यात भारी होतं. दोनशे माणसं फाटक्या चटयांत, ताठ कण्यानं बसली होती, आणि त्या वाळूवर मोतुहीफो एवढं मोठं कधी दिसलं नव्हतं.

मंत्री लाल झाले, मग पांढरे. सुतकात आवाज चढवता येत नाही, म्हणून ते दात आवळून बोलले.

"ही कल्पना कुणाची?"

लोसालिने उठायला लागली. एक गुडघा तिनं वर केलाच होता. तेवढ्यात फेलेती पुढे झाला. त्यानं काखेतलं बोचकं सोडलं, नवी चटई कमरेवरून काढून बाजूला ठेवली, आणि बापाची ती मोठी, फाटकी चटई सगळ्यांसमोर गुंडाळायला घेतली. पाय झाकले, छाती झाकली, वरचा काठ कानापर्यंत आला.

"माझी," तो म्हणाला. "या गावचा अधिकारी मी आहे. आणि गेलेला तो माझा बाप होता."

"घरून नेसून यायचं होतंस," सचिव कडवटपणे म्हणाला.

"घरून नेसलो असतो तर साहेबांना पाण्यात हात कुणी दिला असता? पाहुणा बुडू द्यायची पद्धत नाही आमच्यात."

सचिवानं हात पुढे केला. "शिक्का."

फेलेतीनं खिशातून शिक्का काढला, सदऱ्याला पुसून स्वच्छ केला आणि त्याच्या हातावर ठेवला.

मग गावानं मंत्र्यांना जेवू घातलं, कारण ते तर करायचंच होतं. भुईतल्या भट्टीतलं डुक्कर, गोराडूचे कंद, अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजलेलं मांस. मोतुहीफोहून पाहुणा उपाशी गेला असं कुणी म्हणायला नको. मंत्री खाली मान घालून जेवले. कराच्या कागदांची बॅग उघडलीच नाही. रेडिओवाल्यानं दोनदा वाढून घेतलं आणि निघताना फुसीच्या कानाशी म्हणाला, "सहाच्या बातम्या ऐका, मावशी." परत जाताना मंत्र्यांना पाण्यात हात द्यायला फेलेतीच उतरला.

तो चिंब होऊन वर आला तेव्हा गाव अजून बसलेलंच होतं. तो नेहमीसारखा बहिणीपासून दूर, कडेला उभा राहिला.

लोसालिने उठली. तिनं मागं ठेवलेली गुंडाळी उचलली, वाळूच्या मधोमध आली, आणि आईची चटई उलगडली. दोन्ही गुडघे टेकून, हातानं सुरकुत्या काढत, एकेक कोपरा नीट करत तिनं ती अंथरली. बहिणीनं भावासाठी गुडघे टेकलेले तिथं कुणी पाहिले नव्हते. फेलेती घाबरून मागे सरला.

"ताई, नका. रीत नाही ही."

"रीत मला शिकवू नकोस," लोसालिने म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. "मानाच्या माणसासाठी अंथरीन म्हणाले होते ना? बस."

फेलेती बसला, बापाच्या फाटक्या चटईसकट, भिजलेला, आईच्या चटईवर. लिसिआतेनं काठी वाळूत रोवली आणि कावाचा, मुळ्यांच्या त्या मानाच्या पेयाचा, पहिला पेला त्याच्याकडे पाठवला.