वैयक्तिक कारण नाही

बोलावणं आलं तेव्हा स्वरदा भूगोलाचे पेपर तपासत होती. नाशिकमधल्या एका विद्यापीठात ती सहायक प्राध्यापक होती आणि गेली काही वर्षं प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट. एरवी नोकरी करायची, वर्षातून थोडे दिवस सराव करायचा आणि गरज पडली की गणवेश चढवून निघायचं, हे तिनं भरती होतानाच कबूल केलं होतं. आता गरज पडली होती. परवा निघायचं होतं.

पेपर तसेच टेबलावर ठेवून ती आस्थापना विभागात गेली. उपकुलसचिव वेणीमाधव गर्गे यांनी हुकूम वाचला आणि चष्मा काढला.

"मॅडम, अभिमान वाटतो. पण असल्या रजेचा आपल्याकडे नियमच नाही."

"सेनेचा कायदा आहे ना, सर?"

"आहे. पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम करायचा तर व्यवस्थापन परिषदेपुढे जावं लागेल. त्याला वेळ लागतो. त्यापेक्षा वैयक्तिक कारणासाठी बिनपगारी रजा, असा अर्ज द्या. आत्ताच्या आत्ता मंजूर करतो."

माणूस चांगला होता आणि घाई तिलाही होती. कोरा कागद घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली, तेवढ्यात सुनील आला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो परिचर होता. दिंडोरीकडचा, आणि तोही प्रादेशिक सेनेतला जवान.

"मॅडम, तुम्हालाबी वैयक्तिक लिहायला सांगितलं का?"

"हो. का रे?"

"मीबी तसंच लिहिलं व्हतं, काश्मीरला गेलो तवा. परत आलो तर म्हणे सेवेत खंड पडला. माझ्या मागून लागलेली पोरं प्रयोगशाळा सहायक झाली, मी हाय तिथंच." "काश्मीरात माझं कुठलं वैयक्तिक काम व्हतं, मॅडम?"

तिनं कागदावर लिहिलं: प्रादेशिक सेनेच्या हुकमावरून कर्तव्यावर जात आहे. सही केली आणि अर्ज गर्ग्यांपुढे ठेवला.

"हा मला मंजूर करता यायचा नाही," गर्गे म्हणाले. "तुम्ही विनापरवानगी गैरहजर ठराल."

"ठरवा, सर. आल्यावर बोलू आपण."

तिची नेमणूक राजस्थानातल्या एका तळावर झाली. रसदीच्या गाड्यांचा ताफा तिच्या ताब्यात होता. उन्हानं गाड्यांचे पत्रे इतके तापत की दाराला हात लावायचा तर फडकं लागे. कामात दिवस जात होते. अशात एका दुपारी नवऱ्याचा, गौरांगचा, फोन आला.

"बाबांच्या छातीत दुखतंय. हॉस्पिटलमध्ये आणलंय. तातडीनं अँजिओप्लास्टी करायची म्हणतात. आणि स्वरदा, तुझ्या विद्यापीठाचं वैद्यकीय कार्ड बंद दाखवतंय."

सासऱ्यांचा औषधोपचार तिच्या नोकरीवरच होता, आणि विद्यापीठाच्या लेखी ती गैरहजर होती.

"गर्ग्यांना फोन केला मी," गौरांग सांगत होता. "ते म्हणतात, मॅडमनी वैयक्तिक कारण म्हणून एक ओळ मेलवर पाठवली तरी आज कार्ड सुरू करतो. पाठवतेस का?"

तिनं डोळे मिटले. एक ओळ. पाठवायला कितीसा वेळ लागणार होता?

"बाबांना आधी आत घ्यायला सांग. आपली ठेव मोड."

"आणि ती ओळ?"

"ती नाही पाठवणार मी."

"मला राग आलाय तुझा. पण ठेव मोडतो," म्हणून गौरांगनं फोन बंद केला.

बाबांना काही झालं तर आपण स्वतःला कधी माफ करणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. सुदैवानं बाबा सावरले. जरा बरं वाटल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गौरांगला एवढंच म्हणाले, "तिला सांग, भांडायचंच असेल तर अर्धवट सोडू नकोस."

परतल्यावर तिनं व्यवस्थापन परिषदेकडे दाद मागितली. एकटीसाठी नाही, सुनीलसाठीही. बैठकीला दोघांना बोलावलं गेलं.

"सेनेनं तुम्हाला पगार दिलाच होता," एक सदस्य म्हणाले. "मग तक्रार कसली?"

"पगाराची नाहीच, सर. माझी जागा, सेवेची वर्षं आणि घरच्यांचं आजारपण विद्यापीठावर सोपवून मी गेले होते. जाणाऱ्याला परत आल्यावर ते जागेवर सापडावं, एवढंच मागणं आहे."

"तुमचं समजलं. पण सुनील यांनी स्वतःच वैयक्तिक कारण लिहून दिलंय. त्यावर त्यांची सही आहे."

सुनीलनं मान खाली घातली. स्वरदा उठणार तोच कोपऱ्यातून गर्ग्यांचा आवाज आला.

"सही त्यांची आहे, पण ते शब्द माझे आहेत. मीच सांगितलं होतं तसं लिहायला." ते उभे राहिले होते. "काम लवकर व्हावं म्हणून सांगितलं. त्यांचं नुकसान होईल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

कुलगुरूंनी समोरचे कागद बाजूला सारले. मग चर्चा फार लांबली नाही. प्रादेशिक सेनेचं बोलावणं म्हणजे कर्तव्य, सेवा अखंड, कार्ड चालू, असा नियम झाला. स्वरदाची गैरहजेरी रद्द झाली आणि हॉस्पिटलचा खर्च विद्यापीठानं उचलला. सुनीलच्या सेवेतला खंडही पुसला गेला. हुकलेली बढती मात्र मागच्या तारखेनं मिळाली नाही. पुढच्या यादीत त्याचं नाव पहिलं राहील, असं ठरलं.

"पुरे नाही हे," बाहेर आल्यावर स्वरदा म्हणाली. "बढतीसाठी पुन्हा अर्ज करू."

"करू की," सुनील म्हणाला. "पण आजचा दिवस राहू द्या. आईला फोन लावतो आधी. दोन वर्षं ती इचारतीय, चांगलं काम करून आलास तर तुला शिक्षा कशापायी झाली?"

जिन्याच्या कठड्याला टेकून तो मोठ्या आवाजात आईशी बोलू लागला. स्वरदाचा तास सुरू व्हायची वेळ झाली होती. ती वर्गाकडे निघाली.