हाकेला ओ

"बसा की तुम्हीपण," मी पुन्हा एकदा म्हटलं.

मिसेस तांगनी मान हलवली आणि त्या तेलाची जाळी पुसत राहिल्या. "तुम्ही जेवा. मी नंतर."

त्यांचं टेकअवेचं, म्हणजे बांधून न्यायच्या जेवणाचं, दुकान पाचला उघडायचं. त्यामुळे घरच्यांचं जेवण त्याआधीच, दुकानामागच्या स्वयंपाकघरात उरकायचं. टेबलाशी मिस्टर तांग, त्यांची अकरा वर्षांची मुलगी का-यान आणि तिची इंग्रजीची शिकवणी घेणारी मी. का-याननं आधी वडिलांकडे पाहिलं. "आ-पा, सिक फान." मग माझ्याकडे. "आन्टी, सिक फान." बाबा, जेवा. आन्टी, जेवा. आम्ही दोघांनी "हं" म्हटलं, तेव्हा कुठे तिनं चॉपस्टिक्स उचलल्या. आईचा भाताचा वाडगा बशीखाली झाकलेला तसाच राहिला.

ते पाहून मला फार बरं वाटलं. हाँगकाँग काय आणि सातारा काय, घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावरच बसणार! माझ्या आईनं जन्मात कधी गरम पोळी खाल्ली नाही. घरी जाऊन मी हे कौतुकानं श्रीकांतना सांगितलंसुद्धा. श्रीकांत म्हणजे आमचे हे, डॉक्टर, ब्रिस्टलच्या हॉस्पिटलातून दमून आलेले.

"मधू, डोन्ट रोमँटिसाइझ. बाईला भूक नसेल, दॅट्स ऑल."

"तुम्हाला नाही कळायचं ते," मी ठसक्यात म्हटलं. मलाही कळलेलं नव्हतं, ते पुढे समजलं.

हे शहाऐंशी सालचं. मिसेस तांग हाँगकाँगकडच्या एका खेड्यातून नवऱ्यामागोमाग इथे आल्या होत्या. तेव्हा इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं; पुढे माझ्याशी बोलण्यापुरतं मोडकंतोडकं आलं, ते काउंटरवर उभं राहूनच. मुलगी इथेच झाली. वर एका खोलीत पाळणा आणि खाली मध्यरात्रीपर्यंत उकळतं तेल. मग त्यांच्याकडच्या कितीतरी बायकांनी त्या काळात केलं, तेच त्यांनी केलं. तान्ही पोर गावी सासूकडे पाठवली. दुकान जरा बसलं की आणू, वर्षभराचा तर प्रश्न. ते वर्ष लांबत लांबत दहा वर्षांचं झालं. सासू वारली तेव्हा का-यान विमानातून एकटी उतरली, गळ्यात नावाची पाटी अडकवून. आईनं तिला फोटोवरून ओळखलं. मुलीनं आईला ओळखलं नाही.

बाई मोठी जिगरबाज. शुक्रवारी पबमधून टोळकी यायची, बाईंच्या बोलण्याची नक्कल करायची, डोळे ताणून दाखवायची. या आपल्या शांतपणे विचारणार, "सॉल्ट? व्हिनेगर?" एकदा एका दांडगटानं चिप्सचं पुडकं त्यांच्या अंगावर फेकलं. त्या काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, दार उघडलं आणि ते धरून उभ्या राहिल्या. त्याच्या छातीइतकीही उंची नव्हती त्यांची. तो गुपचूप निघून गेला. मी अजून काउंटरच्या आडच होते आणि बाई मात्र फरशी पुसायला लागल्या होत्या.

"तुम्हाला राग येत नाही?" मी विचारलं.

"येतो. पण तळताना रागावलं की हात भाजतो."

शाळेनं का-यानला एकदा कुटुंबावर निबंध दिला. तिनं पानभर आजीच लिहिली. मी सहज विचारलं, "जेवायच्या आधी ते तू आम्हाला म्हणतेस, ते काय गं असतं?"

"लहानांनी मोठ्यांना बोलवायचं. बोलावल्याशिवाय मोठी माणसं कशी जेवतील?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे तुझी आई... तू तिला बोलवत नाहीस म्हणून?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "गावी बोलवायचे मी. आजी एक स्टूल मांडायची. म्हणायची, ही तुझी आई, बोलव. मी रोज बोलवायचे. स्टूल काही 'हं' म्हणायचं नाही, आन्टी. मग मी बंद केलं."

मला गलबलून आलं. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच दुपारी कोलंबी सोलता सोलता मी मिसेस तांगना सगळं सांगून टाकलं, वर सल्लाही दिला. "चांगलं दटावा तिला. आई आहात तुम्ही तिची!"

त्यांच्या हातातली सुरी थांबली. "दटावल्यावर बोलावलं, तर ते बोलावणं नाही." मग त्यांनी एवढंच विचारलं, "रोज बोलवायची?"

"रोज."

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. आ-पा झाले, आन्टी झाली. आणि शेगडीकडे तोंड, आमच्याकडे पाठ, अशा उभ्या असलेल्या मिसेस तांग हळूच म्हणाल्या, "हं."

कोणी बोलावलं नव्हतं. मिस्टर तांगनी वर बघून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाई वळल्या नाहीत. का-यानच्या चॉपस्टिक्स हवेतच राहिल्या. आणि मला उमगलं. आपण हाकेला ओ देतो ना, तशी ही बाई गावातल्या त्या स्टुलाला मारलेल्या हाकांना ओ देत होती. रोज एक.

"शी कान्ट गो ऑन लाइक दॅट," घरी हे ऐकून श्रीकांत म्हणाले.

पण त्यांचं ते चालूच राहिलं. का-यानचं इंग्रजी माझ्या पुढे गेलं, शिकवणी नावापुरती उरली, तरी मी जात राहिले. एकदा पोरीनं वाडगा आपटला. "स्टॉप इट, जस्ट स्टॉप इट!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच "हं". ना वरच्या पट्टीत, ना रडवेलं. सगळे उठले की बाई उभ्या उभ्या गार भात खात आणि दुकान उघडत. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. माझ्यात तर नाहीच नाही.

एकोणनव्वदचा जून असेल. मी चिवड्याचा डबा घेऊन गेले, तर मिस्टर तांग माल आणायला गेलेले आणि का-यान शाळेच्या सहलीला. तिची बस यायची होती. मिसेस तांगनी माझ्यापुढे वाडगा ठेवला, लेकीच्या जागेवर तिचा झाकून ठेवला, स्वतःचा झाकला आणि त्या शेगडीकडे वळल्या.

"हं."

अंगावर काटा आला माझ्या. "अहो, आज तर ती घरातच नाही."

"ती बोलवायची, तेव्हा मी नव्हते," त्या म्हणाल्या.

मागच्या दारात काहीतरी हललं. का-यान उभी होती, खांद्याला सहलीची बॅग. कधीपासून, कोण जाणे. तिनं बॅग ठेवली, हात धुतले आणि आपल्या जागी येऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. आईच्या पाठीकडे बघत राहिली.

"आ-मा," तिचा आवाज चिरकला. "सिक फान."

मिसेस तांग वळल्या. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. इतकी वर्षं न बोलावता ओ देणारी बाई, आणि खरी हाक आली तर घसा कोरडा! का-याननं चॉपस्टिक्सना हात लावला नाही. ती थांबून राहिली. मीच रडायला लागले, दुसरं काय करणार?

मिसेस तांगनी शेगडी बंद केली. ॲप्रन काढून खुंटीला लावला. त्या टेबलाला खुर्च्या तीनच होत्या आणि तिसरीवर मिस्टर तांगच्या पिठाच्या पिशव्या रचलेल्या. का-यान उठली आणि दुकानातली गिऱ्हाइकांची खुर्ची घेऊन आली. आई बसली. वाडग्यावरची बशी तिनं बाजूला ठेवली.

"हं," ती म्हणाली.

मग लेकीनं चॉपस्टिक्स उचलल्या.

पाच वाजून गेले. पुढचं दार कोणीतरी ठोठावलं, मग जरा जोरात ठोठावलं. मी डोळे पुसत उठायला लागले, तर मिसेस तांगनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबतील ते," त्या म्हणाल्या आणि सावकाश जेवत राहिल्या. भात अजून गरम होता.