शेवटच्या नळीतले हमाल

बबडी झाल्यापासून तिच्या हाताला एक खोड लागली होती. गार काही हाती आलं की त्याला ऊब द्यायची. फ्रीझरमधून काढलेली बोटाच्या पेराएवढी नळी हातात आली आणि मूठ आपोआप मिटली. मग प्रयोगशाळेच्या व्हरांड्यातून चालता चालता तिने घरी फोन लावला. बबडी जेवली का, अंग कोमट तर नाही ना, खिडकी लावलीये ना, असं सगळं विचारून झालं. सासूबाई म्हणाल्या की तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय, तेही फोनशिवाय, आणि बरा निघालाय. ती कसनुसं हसली. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शिरताना सवयीने तिने नळी गालाला लावून पाहिली आणि ती दारातच थांबली. नळी छान कोमट झाली होती. ती बर्फात ठेवून वितळवायची असते.

नळीत कायनेसिन नावाचं प्रथिन होतं. पेशीतला हमालच म्हणायचा. पेशीभर बारीक तंतूंचे रस्ते पसरलेले असतात. त्यांवरून हा दोन पायांनी चालतो. एक पाय रोवलेला, दुसरा पुढे, आणि मागे मालाची पिशवी. हा पेशीच्या कडेकडे माल पोचवतो, आणि कडेकडून उलट आणणारा हमाल वेगळाच, डायनीन नावाचा. पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेल्या लांबलचक मज्जापेशीतही माल असाच चालत जातो. एकदा बबडीला अंघोळ घालताना तिने हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी नातीचा अंगठा चिमटीत धरून नीट न्याहाळला. एवढ्याशा अंगात आपल्या घरापेक्षा जास्त जण राबतात, आणि तरी ही बया दिवसभर लोळते, असं म्हणून त्यांनी तिच्या पोटाला साबण लावला.

हे कायनेसिन तिने बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी स्वतः बनवलं होतं आणि त्याची ही शेवटची नळी होती. परतल्यापासून तिचं एक काम धड झालं नव्हतं. काल कपड्यांच्या घड्या घालताना तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, आज जमलं नाही तर नोकरी सोडते. माझं मन तिथेही नसतं नि इथेही नसतं. त्याने तिच्या हातातलं झबलं घेऊन स्वतः घडी घातली.

आता नळी बर्फात खुपसून काय उपयोग? तरी तिने खुपसली. प्रथिनाला ऊब सोसत नाही, हे ती नव्या मुलांना ओरडून सांगायची. काम हातांना पाठ होतं. काचेवर तंतू चिकटवलेले होतेच. नळीतलं कायनेसिन सूक्ष्म, चमकणाऱ्या मण्यांना लावून तिने ते मणी त्यांवर सोडले, जादाचे धुऊन टाकले आणि पडद्याकडे पाहिलं. लाल रेघा. रेघांवर हिरवे ठिपके. एकही हलेना.

ती बघत राहिली. आत्ता हलेल, मग हलेल. शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावला. सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. काय झालं, त्याने विचारलं, तशी तिने मुठीची गोष्ट सांगून टाकली.

"अंगाईपण गायलीस का त्यांना?" मास्तर म्हणाला, आणि तिचे डोळे भरलेले दिसताच चटकन प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना बोलवायला गेला.

मॅडम आल्या, चष्मा कपाळावर सरकवून पडद्यापाशी वाकल्या. ती मागे उभी राहून सांगत होती की माझ्या हातून मेलं, नळी शेवटची होती, मला आता हे झेपत नाही, मी सोडलेलं बरं. मॅडमनी तिचं बोलणं संपू दिलं.

"मणी कुठे आहेत गं?"

"रेघांवर."

"सगळे?"

तिने निरखून पाहिलं. खरंच, मोकळ्या काचेवर क्वचित एखादा. बाकी सगळे रेघांवर ओळीने बसलेले.

"मेलेलं धरून ठेवत नाही, वेडाबाई. मेलं असतं तर तुझ्या धुण्यात वाहून गेलं असतं. हे बघ कसे जिवाच्या आकांताने धरून बसलेत." मॅडम सरळ झाल्या. "इंधन घातलंस का?"

तिने बर्फाच्या डब्याकडे पाहिलं. इंधनाची, म्हणजे एटीपीची नळी तशीच, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला. दरवर्षी ती मुलांना फळ्यावर हेच काढून दाखवायची. या हमालाला धरून ठेवायला इंधन लागत नाही, ते लागतं पाय सोडवायला. उपाशी ठेवला तर तो पडत नाही, जागच्या जागी घट्ट धरून बसतो.

"आणि मुठीतली ऊब?" तिने चाचरत विचारलं.

"थोडे दगावले असतील. थोडे नाहीत. घाल आता."

तिने काचेच्या कडेला थेंब सोडला. आधी एक ठिपका हलला, जरा अडखळला, आणि रेघ धरून सरळ निघाला. मग दुसरा. मग कितीतरी, सगळे एकाच दिशेला, कोणी रेंगाळत, कोणी लगबगीने. एक मधेच रेघ सोडून तरंगत गेला, तशी ती "अरे, अरे" म्हणून पुढे झुकली. मास्तरने मान फिरवून हसू लपवलं.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर मॅडम म्हणाल्या, छान, पण नळी संपली. नवं प्रथिन जीवाणूंकडून बनवून घ्यायचं तर ते आजच वाढायला घालायला हवेत, आणि मग पुढचे काही आठवडे त्यांच्यामागे धावायचं. "कुणाला सांगू?"

"मी करते," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते तिला कळलं.

दुपारी तिने चंबूत जीवाणू सोडले. त्यांना मात्र ऊब लागते, अंगाला असते तेवढी. उबदार कपाटातल्या हलत्या फळीवर चंबू नीट अडकवून तिने दार लावलं, आणि काचेतून उगाचच, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ, त्याचं डुलणं बघत उभी राहिली.