तीन फैरींच्या वेळचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या अंगावरचं काळं कातडं कोपऱ्यांना उललं आहे, पट्ट्याच्या जागी सुतळी बांधलेली आहे आणि पोटात कित्येक वर्षांत फिल्म गेलेली नाही. काच मात्र अजून शाबूत आहे. त्या काचेतून मी जे पाहिलं, त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म इथून फार लांब, रशियातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी माझं भिंग पुसलं, स्क्रू आवळले, आणि मला खोक्यात घालून आगगाडीत चढवलं. पुढे एका मालमोटारीतून घाट चढून मी नारिन नदीच्या वरच्या अंगाला, एच्की-बुलाक नावाच्या किरगिझ गावात आलो. दुकानाच्या फळीवर दोन महिने पडून होतो. एके दिवशी एका उंच, किडकिडीत माणसानं मला उचललं, डोळ्याला लावलं आणि दुकानदाराला म्हणाला, "जरा हलू नकोस." तो इमानकूल. त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

आम्ही दोघांनी मिळून गावाचे फोटो काढले. लग्नं काढली, शाळेतली पोरं काढली, शर्यतीचे घोडे काढले. एका म्हाताऱ्यानं तर बक्षीस मिळालेल्या मेंढ्याशेजारी स्वतः उभं राहून फोटो काढून घेतला आणि मेंढा जास्त चांगला आलाय म्हणून आठवडाभर रुसून बसला. "इमानकूलच्या कॅमेऱ्यात माणूस उजळ येतो," असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटायचं.

गावात बेइशेन नावाचा मेंढपाळ होता. त्याची बायको झूराकान आणि त्यांचा एकुलता एक मुलगा मैरामबेक. मैरामबेक पहिलं पाऊल टाकायला लागला, तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या पायांना लोकरीचा दोरा बांधून तो कापला. तो फोटो माझाच. शाळेचा पहिला दिवस, पहिला घोडा, सैन्यात शपथ घेतल्यावर नव्या वर्दीत ताठ उभा राहिलेला, तेही फोटो माझेच. पुढे तो लेफ्टनंट झाला आणि सरहद्दीवरच्या चौकीवर गेला.

मैरामबेक चोवीस वर्षांचा असताना, फेब्रुवारीत चौकीजवळ हिमकडा कोसळला. तीन शिपाई गाडले गेले. मैरामबेकनं हातांनी बर्फ उकरून दोघांना बाहेर काढलं. तो तिसऱ्यासाठी पुन्हा खाली उतरला आणि वरून दुसरा कडा सुटला. चार दिवसांनी त्याला घरी आणलं.

अंगणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू उभारला. त्यात मैरामबेकला ठेवलं. आत बायका भिंतीकडे तोंड करून, सुरात शोक करत होत्या. बाहेर पुरुष काठ्यांना टेकून रांगेत उभे होते, आणि कुणी नवा माणूस आला की मोठ्यानं आक्रोश करत होते. सगळ्यांच्या पुढे बेइशेन होता. त्याच्या तोंडून आवाज येत नव्हता. तो काठीवर दोन्ही हात ठेवून समोरच्या डोंगराकडे बघत होता.

इमानकूल भेटायला गेला तेव्हा झूराकाननं त्याला तंबूच्या दाराशी बोलावून घेतलं. मी त्याच्या गळ्यात होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"बाइके," ती म्हणाली. थोरल्या भावाला आमच्याकडे असंच म्हणतात. "उद्या मातीचे फोटो तुम्हीच काढणार म्हणे?"

"सैन्यातून आलेला मेजर म्हणतोय तसं. जिल्ह्याचा फोटोवाला घाटात अडकलाय."

"मग माझं एक काम करा. पोराचे नका काढू. पोराला मी बघितलंय. त्याच्या बापाचा काढा."

इमानकूलला काही कळेना.

"तुम्ही बघताय ना? दोन दिवस हा माणूस खांबासारखा उभा आहे. डोळ्यात टिपूस नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी लोक रडतायत, आणि हा डोंगर बघतोय." तिचा आवाज खाली गेला. "वर्दीत यानंच घातलं पोराला. मी म्हणत होते, मास्तर होऊ दे, डोळ्यासमोर राहील. हा म्हणाला, पुरुषासारखा पुरुष होऊ दे. झाला आता. मला तिथं येता येत नाही. मातीच्या वेळी तरी याच्या तोंडावर काही हललं का, तेवढं मला दाखवा."

आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. आईसुद्धा नाही.

"आणि नाही हललं तर?" इमानकूलनं विचारलं.

"तर चाळिसावा दिवस झाला की मी भावाकडे निघून जाईन. याच्यासमोर बसून मला जेवण जाणार नाही."

इमानकूलनं मान खाली घातली. "जे दिसेल ते काढीन," तो म्हणाला. "नसेल ते माझ्याकडून यायचं नाही."

"मला तेच हवंय," झूराकान म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी थंडी अशी होती की दाढीवर श्वास गोठत होता. अशा थंडीत फिल्म कडक होते आणि घाईनं फिरवली तर तुटते. इमानकूलनं मला कोटाच्या आत, छातीशी धरलं होतं. आमचा देश तेव्हा रशियापासून नुकताच वेगळा झाला होता, फिल्म मिळेनाशी झाली होती. माझ्या पोटात अकरा फोटो उरले होते. त्याच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

कबरस्तानाच्या वाटेवर मेजर दूयशेनोव भेटला. तो वयानं लहान होता, हातात कागद होता, आणि नाक थंडीनं लाल झालं होतं.

"अक्सकाल, एक लक्षात ठेवा," वडीलधाऱ्याला हाक मारतात तसं तो आदरानं म्हणाला. "झेंडा वडिलांच्या हातात देतानाचा फोटो हवाच. बाकीचे राहिले तरी चालतील. तो वर पाठवायचाय."

"बघतो," इमानकूल म्हणाला.

सहा शिपायांनी शवपेटी खांद्यावरून आणली. पेटीवर लाल झेंडा होता, झेंड्यावर मैरामबेकची टोपी. आम्ही तो फोटो घेतला. रांगेत एक शिपाई दोन्ही हातांना पट्ट्या बांधून उभा होता. मैरामबेकनं बाहेर काढलेल्या दोघांपैकी तो एक. त्याला सलाम करता येत नव्हता. तो नुसता हनुवटी वर करून उभा होता आणि त्याचे गाल भिजले होते. त्याचाही फोटो घेतला. मग नमाज झाला, मेजर बोलला, त्याचा आवाज दोनदा अडखळला. बेइशेन पेटीच्या उशाकडे काठी टेकून उभा होता. त्याचे दोन फोटो आम्ही घेतले. दोन्हींत त्याचा चेहरा दगडासारखा होता. इमानकूलच्या तोंडून एक उसासा निघाला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं: हेच घेऊन आता झूराकानकडे जावं लागणार.

मग सलामीचा हुकूम सुटला. शिपायांनी बंदुका आकाशाकडे केल्या. सगळ्यांच्या नजरा बंदुकांकडे गेल्या. इमानकूलनं मात्र मला बेइशेनकडेच धरून ठेवलं.

पहिली फैर झडली. डोंगरातून तिचा आवाज परत आला.

बेइशेन दचकला. त्याची काठी बर्फात पडली. तो दोन पावलं पुढे झाला, गुडघ्यांवर बसला आणि पेटीच्या उशाशी, दोन्ही बाजूंना, त्यानं आपले तळहात घट्ट दाबून धरले. दुसरी फैर झडली. त्यानं आणखी दाबलं. त्याचं कपाळ झेंड्याला टेकलं होतं, तोंड उघडं होतं, आणि त्यातून काहीच आवाज येत नव्हता. तिसऱ्या फैरीत माझा 'खट्' आवाज कुणालाही ऐकू गेला नाही.

आम्ही तीन फोटो घेतले. त्यानंतर इमानकूलची पापणी माझ्या काचेला लागली ती ओली होती, आणि मला पुढचं काही दिसेना. तो बाहीनं डोळे पुसत उभा राहिला. तेवढ्यात शिपायांनी बेइशेनला उठवलं, झेंड्याची घडी घातली आणि मेजरनं ती त्याच्या हातात दिली.

"काढला ना?" मेजर आमच्याकडे येऊन हळूच म्हणाला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही जमला."

मेजरनं इकडेतिकडे पाहिलं. "ठीक आहे, पुन्हा देऊ. दोन मिनिटांचं काम. बेइशेन अक्सकाल, झेंडा जरा इकडे द्या."

बेइशेननं लगेच झेंडा पुढे केला. त्या वेळी त्याला कुणी काहीही सांगितलं असतं तरी त्यानं ते केलं असतं. हात लांब करून तो तसाच उभा राहिला.

इमानकूलनं मला खाली घेतलं आणि भिंगावर झाकण लावलं.

"नको," तो म्हणाला.

"अहो, फोटोच नसेल तर—"

"मेजर, लग्नात मी नवऱ्याला दोनदा उभं करतो. टोपी नीट कर म्हणतो, हस म्हणतो. हे लग्न नाही. त्यानं पोराचा झेंडा एकदा घेतला. दुसऱ्यांदा मी त्याला घ्यायला लावणार नाही."

"आणि वर मी काय लिहू?"

"लिहा, कॅमेरा थंडीनं आखडला."

मेजर चिडला होता. पण त्यानं वळून पाहिलं, तर बेइशेन अजून हात लांब करून उभाच होता. मेजरचा चेहरा उतरला. तो त्याच्याजवळ गेला, झेंडा दोन्ही हातांनी हलकेच मागे ढकलून त्याच्या छातीशी लावला आणि म्हणाला, "ठेवा. तुमचाच आहे."

मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि कागदावर लिहिलं: कॅमेरा नादुरुस्त.

मित्रांनो, मी आखडलो नव्हतो. तेवीस वर्षांच्या चाकरीत मी एकदाही आखडलो नव्हतो. मला तोंड असतं तर कदाचित त्या क्षणी मी बोललो असतो. पण बेइशेनकडे बघून वाटलं, एवढा आळ आपण सोसायला हरकत नाही.

इमानकूलच्या खोलीत, लाल दिव्याखाली, पाण्यातून तो फोटो हळूहळू वर आला. तिन्हींपैकी एकच स्पष्ट होता. सातव्या दिवशी तो घेऊन आम्ही झूराकानकडे गेलो. ती खिडकीपाशी बसली होती. बेइशेन बाहेर गोठ्यात होता. सात दिवसांत त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

तिनं फोटो उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"कान झाकतोय," ती म्हणाली.

"काय?" इमानकूलनं विचारलं.

"उन्हाळ्यात वर कुरणात असायचो आम्ही. ढग गडगडले की पोरगं घाबरून किंचाळायचं. हा त्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवून बसायचा. असाच. गडगडाट थांबेपर्यंत हलायचा नाही. मेंढ्या पांगल्या तरी उठायचा नाही." तिनं फोटोवरच्या हातांवरून बोट फिरवलं. "मी विसरलेच होते."

ती उठली आणि गोठ्याकडे गेली. दार उघडं होतं. बेइशेन घोड्याला गवत घालत होता. ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली.

"अहो, आत चला. चहा निवतोय."

बेइशेन वळला नाही. त्याचा हात घोड्याच्या मानेवर होता, तो तिथेच थांबला. आधी त्याचे खांदे हलले. मग इतके दिवस अडकून राहिलेला तो आवाज फुटला, आणि तो ऐकून शेजारच्या अंगणातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. झूराकान त्याच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिली. माझ्या पोटात तेव्हा फिल्म नव्हती. असती तरी इमानकूलनं मला वर उचललं नसतं.

झूराकान भावाकडे गेली नाही. बेइशेनबरोबर आणखी एकोणीस वर्षं राहिली आणि त्यालाही तिनं त्याच अंगणातून निरोप दिला.

माझं म्हणाल, तर जिल्ह्याच्या कागदावर मी नादुरुस्त झालो तो झालोच. सरकारी बोलावणी बंद पडली. पुढे लोकांकडे त्यांचे स्वतःचे कॅमेरे आले, नंतर फोन आले. इमानकूल मात्र रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा. तो गेला त्या आठवड्यापासून मला कुणी पुसलं नाही. त्याची मुलगी अल्तिनाय शाळेत शिकवते. तिनं मला कपाटावर ठेवलं आणि माझ्या साऱ्या फिल्म्स पत्र्याच्या डब्यांत घालून मागच्या कोठीत टाकल्या. तिचा दोष नाही, घरात जागा कमी होती.

गेल्या उन्हाळ्यात झूराकान आली. आता तिची पाठ वाकली आहे. तिनं रुमालातून तो फोटो काढला. इतक्या वर्षांत बोट फिरवून फिरवून बेइशेनचे हात आणि तोंड पुसून गेलं होतं. त्या जागी नुसता पांढरा डाग होता.

"पोरी, हा पुन्हा काढून मिळेल का? तुझे वडील मूळ फिल्म जपून ठेवायचे."

अल्तिनाय कोठीत गेली. मी कपाटावरून, उघड्या दारातून बघत होतो. कोठीचं छप्पर गळत होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डबे गंजले होते. आतल्या फिल्म्स एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. अल्तिनाय रिकाम्या हातांनी परत आली आणि दारातच रडायला लागली.

झूराकाननं तो फोटो पुन्हा रुमालात गुंडाळला.

"रडू नकोस गं," ती म्हणाली. "मला तो पाठ आहे. पण मी गेल्यावर कुणाला दिसणार?"

त्या दिवसापासून अल्तिनाय मला पुसते. पण मित्रांनो, माझी विनंती माझ्यासाठी नाही. मी लोखंड आणि काच आहे, आणखी काही वर्षं धूळ खात पडेन. तुमच्या घरात, माळ्यावर, पलंगाखाली असा एखादा गंजका डबा असेल, तर तो आज उघडा. फोटो कोरड्या जागी ठेवा. त्यांतली माणसं कोण आहेत, कुणाचे हात कुठे आहेत आणि का आहेत, ते तुमच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि प्रत्येकाच्या मागे लिहून ठेवा. सांगणारं माणूस अजून घरात आहे, तेवढ्यात विचारा.