मला पाजलेलं महागडं तेल

मित्रांनो, मी शर्यतीत पळणारी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका हं! सारंगखेड्याच्या बन्सीलाल आप्पांनी मला नऊ वर्षं दुधाच्या कॅनखाली राबवलं. मग त्यांच्या लेकीने, रूपालीने, माझे आरसे नि मडगार्ड काढले, खडबडीत टायर चढवले आणि मला मातीत उडायला शिकवलं. तेव्हापासून माझा तोरा काही विचारू नका.

यंदा कळसाडीला ऊस तोडलेल्या रानात शर्यत ठरली. आदल्या दिवशी आप्पांनी बजावलं, "पोरी, पहिली उनी तं ठीक. नही तं हाई गाडी भंगारमा."

पहिली आले नाही, तर थेट भंगारात! मी हादरलेच!

तसे आप्पा मायाळू. घरात पिढीजात घोडे, आणि शर्यतीआधी घोड्याला तूप पाजायची त्यांच्या घरची रीत. त्याच मायेने त्यांनी हायवेवरच्या दुकानातलं सगळ्यात महाग सिंथेटिक तेल आणलं आणि शर्यतीच्या सकाळी कोणाला न विचारता माझं जुनं तेल काढून ते ओतलं.

सरावाला रूपालीने ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन बोंबलतंय आणि चाक आपलं रेंगाळतंय! शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विसरवाडीचा मेकॅनिक शमुवेल धावत आला. त्याने डबा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"आप्पा, तेल चांगलं आहे, पण कारचं आहे. हिचा क्लच तेलातच बुडालेला असतो. ह्या तेलाने त्याच्या प्लेटा घसरतात."

"मी तं सर्वासमा भारी आनं व्हतं ना रे!"

"भारी नको आप्पा, हिला मानवेल ते पाहिजे."

शर्यतीला तासच उरला होता. शमुवेलने सगळं तेल काढलं, प्लेटा एकेक करून पुसल्या, फिल्टर बदलला. मग डब्यावरचा दुचाकीचा 'एमए' शिक्का दाखवून दुसरं सिंथेटिक तेल ओतलं. तापलेल्या इंजिनातही दम न सोडणारं! रूपालीने क्लच सोडला आणि मी अशी उसळले की शमुवेल बाजूला पडला.

झेंडा पडला! धूळ, आरडाओरडा, चढ, वळण! एक, दोन, पाच गाड्या मागे टाकल्या. शेवटच्या फेरीत पुढे एकच नवीकोरी गाडी. आम्ही तिला गाठलं, चाकाला चाक लावलं आणि... हातभर कमी पडलो. दुसरा नंबर.

रूपाली माझ्यावरून उतरेना. आप्पा गर्दी सारत आले. आता भंगारच, असं मी धरून चालले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या टाकीवरची माती पुसली.

"शमुवेल, हिले कोनतं तेल लागस ते माले कागदवर लिखी दे."

मित्रांनो, माया असली तरी ज्याची काळजी घ्यायची त्याला काय मानवतं, ते जाणत्याला आधी विचारा. विचारायला लाजू नका. आप्पा लाजले नाहीत, म्हणून मी आज भंगारात नाही. त्यांच्या तबेल्यात, घोड्याच्या शेजारी, ऐटीत उभी आहे!