चाळीसच्या वर दहा दिवस

माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर गाईंचे ढेकर मोजले. आता हे लपवून काय उपयोग? कलकत्त्यातल्या झाडून साऱ्या मराठी माणसांना ते ठाऊक आहे. मंडळाच्या हळदीकुंकवाला नवीन बदलून आलेली एखादी बँकवाली बाई भेटली, की कुणीतरी हमखास माझी ओळख करून देतं, ‘या सुहासिनीताई, ढेकरवाल्यांच्या!’ ती बिचारी हसावं की नमस्कार करावा या पेचात पडते. मी हसते आणि मनातल्या मनात ओळख करून देणारीचा उद्धार करते.

काम खरं तर सरकारी आणि चांगलं होतं. आपल्या देशातून हवेत कुठला वायू किती सुटला, याचा तपशील सरकारला जगापुढे ठेवावा लागतो. कोळशाचा आकडा एकानं काढायचा, भातशेतीचा दुसऱ्यानं, गुरांचा आमच्या ह्यांनी, म्हणजे विनायकरावांनी. गाई-म्हशी रवंथ करतात, ढेकर देतात, त्यातून मिथेन बाहेर पडतो आणि तो वर जाऊन उष्णता धरून बसतो. लोक बायकोला सिमला-दार्जिलिंगला नेतात. मला ह्यांनी हरियाणात नेलं होतं, म्हशीच्या तोंडाला नळी बांधताना तिची शेपटी धरायला!

तीस वर्षांपूर्वी मंडळात दिवाळीच्या फराळाला ह्यांचं भाषण ठेवलं. पंचवीस मिनिटं सांगितली होती, हे पाऊण तास बोलले. तोवर चिवडा संपला. शेवटी म्हणाले, ‘कोळसा, गाड्या, भात, गुरं, सगळं असंच चालू राहिलं तर तीस वर्षांच्या आत कलकत्त्यात एकाच उन्हाळ्यात दहा दिवस पारा चाळीसच्या वर जाईल.’

तेव्हा श्यामराव उठले. श्यामराव बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये बॉयलर सांभाळायचे. आवाज बॉयलरवर मात करेल असा. म्हणाले, ‘अहो विनायकराव, माझा बॉयलर रोज डोंगरभर कोळसा खातो, त्यानं बजबज तापलं नाही. आणि गाईच्या ढेकरानं कलकत्ता तापणार?’

सगळा हॉल हसला. पोटं धरधरून हसला. मीसुद्धा जरा हसले, त्याची लाज मला आजतागायत वाटते. हे मात्र लालबुंद झाले आणि तिथल्या तिथे पैज लावली. दहा दिवस झाले तर श्यामरावांनी मंडळाच्या सभेत उभं राहून म्हणायचं, ‘विनायकराव, तुम्ही बरोबर होतात.’ तीस उन्हाळ्यांत नाही झाले तर ह्यांनी मंडळात जन्मात पुन्हा मिथेनचं नाव काढायचं नाही. हे सगळं मंडळाच्या इतिवृत्तात रीतसर लिहिलेलं आहे, बाजाच्या पेटीच्या भात्याच्या दुरुस्तीखाली.

‘ही काय पैज झाली?’ असं मी तेव्हा म्हटलं होतं. एक वाक्य तर बोलायचं! त्यावर श्यामरावांची बायको शोभा मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘अगं, हा माणूस लग्न झाल्यापासून मला एकदासुद्धा “तू बरोबर होतीस” म्हणाला नाहीये. भाजीतल्या मिठाबद्दल चुकला तरी नाही. त्यापेक्षा तो हुगळीत उडी मारेल.’

पुढे निवृत्त झाल्यावर ह्याच श्यामरावांनी बेहालाला आमच्याच इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. का, तर भांडायला माणूस हवा! रोज सकाळी सातला वर चहाला यायचं, पेपर उघडायचा आणि हवामानाची बातमी मोठ्यानं वाचून दाखवायची. थंडी पडली की स्वारी खूश. ‘काय विनायकराव, तुमच्या गाई उपाशी आहेत वाटतं?’ माझ्या हातचा चहा पिऊन माझ्याच नवऱ्याला टोमणे. पण ह्यांना टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस हॉस्पिटलात बाकड्यावर झोपला तोही हाच माणूस. आता अशा माणसाचं काय करायचं?

गच्चीवर ह्यांनी झडपांची पांढरी लाकडी पेटी बसवली, आत थर्मामीटर. पंच मी. दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. उन्हाळ्यात रोज दुपारी अडीचला गच्चीवर जायचं, कुलूप उघडायचं, आकडा वहीत लिहायचा. मी आजारी असले तर शोभा. तीस वर्षं! या आकड्यांपायी मी माहेरच्या लग्नांना मे महिन्यात गेले नाही. कधी दोन दिवस भरायचे, कधी पाच. एका वर्षी सात झाले, तेव्हा श्यामराव आठवडाभर चहाला आले नाहीत.

यंदा तिसावा उन्हाळा, शेवटचा. एप्रिलमध्येच चार दिवस झाले. मे संपता संपता नऊ. पूर्वी असं चार दिवस तापलं की संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ यायचं, गच्चीवरचे कपडे उडून शेजारच्या क्लबाच्या पत्र्यावर जायचे आणि रात्री पांघरूण लागायचं. यंदा वादळाचा पत्ताच नव्हता. शाळा बंद झाल्या. भर दुपारी बेहालाच्या रस्त्यावर ऑटोवाले ऑटोखाली शिरून झोपायचे. घाम तर असा की पदरानं पुसावा आणि पदर पिळावा.

जून लागला, आणि पारा आम्हाला छळायलाच बसला. एकोणचाळीस पॉइंट सहा. एकोणचाळीस पॉइंट आठ. पुन्हा सहा. पाऊस अंदमानात येऊन बसलाय, चार दिवसांत पोचेल, असं टीव्हीवर सांगत होते. एकदा पाऊस आला की संपलं, पैज हरली. देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते. हो, खोटं कशाला बोलू? उकाड्यानं माझाच जीव जात होता, तरी मी वरून आणखी उकाडा मागत होते. मला ते वाक्य हवं होतं. भर सभेत, श्यामरावांच्या तोंडून, त्या बॉयलरच्या आवाजात. माझ्या नवऱ्याला तीस वर्षं हसले सगळे, त्यांनी ते कान देऊन ऐकावं, एवढंच.

हे मात्र विचित्र वागत होते. आकडा सांगितला की नुसतं ‘हं’ म्हणायचे. रात्री कूस बदलत राहायचे. मला वाटलं, जिंकायच्या हुरहुरीनं झोप येत नसेल.

त्या दिवशी दुपारी अडीचला मी गच्चीचं दार ढकललं. पाहते तो पेटीची मागची फळी निघालेली, चारही स्क्रू जमिनीवर, स्क्रूड्रायव्हर शेजारी. आत थर्मामीटरच्या पाऱ्याच्या टोकाला ओला गमछा गुंडाळलेला. आणि पाण्याच्या टाकीच्या इतक्याशा सावलीत, बनियनवर, पाय पसरून, ब्याऐंशी वर्षांचे श्यामराव!

‘श्यामराव! लाज नाही वाटत?’ मी ओरडले. ‘तीस वर्षं पंच म्हणून राबले मी, आणि तुम्ही चोरासारखी मागची फळी काढता? थांबा, सगळ्या मंडळाला सांगते!’

श्यामराव आणि उत्तर नाही? मी जवळ गेले. चेहरा विटेसारखा लाल, डोळे कुठेतरी भलतीकडेच. ‘वहिनी,’ म्हणाले, ‘बॉयलरचं दार कुणी उघडं टाकलंय?’

मी जिन्यातून ह्यांना हाका मारल्या, त्या खाली शोभालाही ऐकू गेल्या. हे धापा टाकत वर आले. आणि बघा, माणसाची सवय जात नाही. आधी पेटीकडे गेले, थर्मामीटर बघायला! मला असा संताप आला, काय सांगू! इथे माणूस पडलाय आणि ह्यांना पैजेचं सुचतंय.

पण आकडा बघून ह्यांचा चेहरा उतरला. ‘साडेएकतीस,’ म्हणाले.

‘अहो, ओलं फडकं लावल्यावर कमी दाखवणारच! लबाडी आहे ती!’

‘अगं, कमी कुठे दाखवतंय?’ हे जवळजवळ किंचाळलेच. ‘धर त्यांना. आधी खाली ने. बोलत बसू नकोस.’

मी, हे, शोभा आणि दुसऱ्या मजल्यावरचा सुमित अशा चौघांनी श्यामरावांना उचलून तळमजल्यावर आणलं. फरशीवर निजवलं, ओली चादर टाकली, दोन पंखे लावले, काखेत बर्फ ठेवला. सुमितनं डॉक्टरांना फोन लावला, ते निघाले म्हणाले. शोभा चादरीवर पाणी शिंपडत होती आणि एकीकडे तोंडाचा पट्टा चालू होता. ‘जा अजून गच्चीवर! स्क्रू काढा! ह्या घरात पंख्याचा स्क्रू सैल झालाय दोन वर्षं, तो नाही कधी हाताला लागला!’ बोलता बोलता ती रडायला लागली, पण पाणी शिंपडायची थांबली नाही.

मी ह्यांना हळूच विचारलं, ‘त्या साडेएकतीसचं काय एवढं?’

हे चादर सारखी करत म्हणाले, ‘ओल्या फडक्यातलं पाणी वाळतं, म्हणून पारा उतरतो. आपल्या घामाचं तेच. पण हवेतच पाणी भरलेलं असलं तर फडकं वाळत नाही आणि घामही वाळत नाही. मग अंग थंड व्हायचं कसं? फडक्यातला पारा पस्तीसवर गेला तर धडधाकट माणूसही काही तासांत संपतो, सावलीत बसून, शेजारी पाणी ठेवून. म्हाताऱ्यांना तर त्याच्या कितीतरी आधी त्रास होतो. मी पैजेत नुसता कोरडा पारा धरला होता. धरायला हवं होतं ते श्यामरावांनी आज मोजलं.’

‘लबाडी करताना?’

‘लबाडी करताना.’

पाचएक मिनिटांनी श्यामरावांनी डोळे नीट उघडले. छताकडे पाहिलं, शोभाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसले होते.

‘गमछा लावायच्या आधी बघितलं होतं मी,’ श्यामराव पुटपुटले. आवाज कसला, नुसती वाफ. ‘चाळीस पॉइंट चार होता. म्हणून तर लावला.’ ह्यांच्याकडे मान वळवली. ‘झाले दहा दिवस. विनायकराव, तुम्ही बरोबर होतात.’

शोभाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तीस वर्षं! मी ह्यांच्याकडे पाहिलं.

‘बोलू नका,’ हे म्हणाले. ‘मोजतोय.’

मला राहवेना. ‘अहो, ते काय म्हणाले ऐकलंत का?’

‘ऐकलं.’

‘मग?’

ह्यांनी मिनिट पुरं केलं. ‘एकशे अठरा,’ म्हणाले. ‘मघाशी नाडी एकशे चाळीस होती. उतरतेय.’ मनगट अलगद खाली ठेवलं आणि चष्मा काढून बनियनला पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, ‘मग काय, सुहासिनी. इतकी वर्षं श्यामराव रोज सकाळी येऊन मला खोटं पाडायचे. मला बरं वाटायचं गं. वाटायचं, आपलंच कुठेतरी गणित चुकलं असेल. आज हेही म्हणतात, मी बरोबर होतो. आता चुकलोय म्हणणारं कुणी उरलं नाही.’

श्यामरावांनी चादरीखालून हात काढून ह्यांचा हात धरला. मग हे उठले आणि चादर परत भिजवायला मोरीत गेले.